एकाच हातच्या अकरा सह्या

बायको गेल्यानंतर महिनाभराने मी महाडच्या बँकेत गेलो. तिच्या एकटीच्या नावावर एक लहानसं बचत खातं होतं आणि वारस म्हणून माझं नाव लागलेलं होतं. काउंटरवरच्या मुलाने अर्ज दिला. मृत्यूचा दाखला जोडा म्हणाला, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील म्हणाला. मग खात्री करून घ्यायला त्याने आतून तिचं जुनं कार्ड आणलं. खातं उघडताना केलेली नमुन्याची सही त्यावर होती. सरळ ओढलेली शिरोरेघ, तिला नीट टांगलेली अक्षरं, नावाखाली एक आडवी रेघ आणि त्या रेघेखाली दोन टिंबं.

"काका, बसता का जरा?" मुलगा म्हणाला. मी बसलो.

शेवटच्या वर्षात तिचा हात थरथरायचा. पैसे काढायच्या स्लिपवरची तिची सही दोनदा परत आली होती. सही जुळत नाही, असं म्हणाले. तेव्हा ती हसली होती. "बघा," म्हणाली, "अकरा जणींची माझ्याशी जुळली, आणि माझी मलाच जुळत नाही."

त्या अकरा जणींचं कधीतरी लिहीन, असं तिला सांगत राहिलो आणि ते राहून गेलं. आता वेळच वेळ आहे, पण हात चालत नाही. रोज एक पान होतं. कधी अर्धं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूच्या पठारावरच्या एका वाडीत झाली. एस.टी. जिथे थांबायची तिथून दीड तासाची चढण. शाळा सातवीपर्यंत. राहायला शाळेमागची एक खोली आणि तिच्यापुढे शेणाने सारवलेला ओटा. मी पुस्तकांच्या दोन पेट्या गड्याच्या डोक्यावरून वर नेल्या होत्या आणि संध्याकाळ झाली की त्यांतच डोकं खुपसून बसायचो. माणसांशी बोलायचं काम बायकोकडे होतं. ती मॅट्रिक झालेली, हौसेने वाचणारी, आणि माझ्यापेक्षा कितीतरी धीट.

वाडीत कामाच्या वयाचे पुरुष फार नव्हते. कुणी मुंबईला हॉटेलात, कुणी गोदीत, कुणी एखाद्या सोसायटीच्या गेटवर. वर उरलेल्या त्या बायका, म्हातारी माणसं, मुलं आणि गुरं. महिन्यातून एकदा खालच्या गावाचा पोस्टमन पिशवी घेऊन चढायचा तेव्हा वाडी जरा जागी व्हायची. मनीऑर्डर आली की सही लागते. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला लिहितावाचता येणारा एक साक्षीदार. वाडीत दिवसा सापडणारा असा माणूस एकच होता. मुंबईहून म्हातारपणी परत आलेला एक गृहस्थ. तो तंबाखू मळत यायचा, सही ठोकायचा आणि रक्कम मोठ्याने वाचून दाखवायचा. ती पलीकडच्या घरातही ऐकू जायची.

त्याच्याच चुलतभावाची बायको तुडीलकरीण. तिथे बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारतात. ही सावित्रीकाठच्या तुडीलची, म्हणून तुडीलकरीण. नदीकाठच्या सपाट गावातून ह्या पठारावर दिलेली. नवरा मुंबईत एका कँटीनमध्ये भांडी घासायचा. एक मुलगी माझ्या वर्गात होती, पाचवीत. हुशार म्हणण्यापेक्षा चिवट. एकदा धरलेलं गणित सोडायची नाही.

एक दिवस शाळा सुटल्यावर तुडीलकरीण ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, पोस्टमन येल तवा साक्षीला तुमी ऱ्हावा."

"का? तुमचे दीर आहेत की."

"हायत. त्यांनी आकडा वाचला की माझ्या हातात येयाच्या आदी पैशाला वाटा फुटतात. सासूचं औषध, दिराचं छप्पर, नणंदेचं येणं. पोरीला पुढं शिकवायची हाय मला. महाडात. चार पैशे मागं ऱ्हायला नको?"

मी कबूल झालो. पुढच्या महिन्यात साक्षीदार म्हणून सही केली आणि रक्कम वाचली नाही. चुलतदीर कुंपणाशी उभा होता.

"गुरुजी, आमच्या घरातल्या पैशाला आता तुमची साक्ष लागते काय?"

त्या 'तुमची' या शब्दावर जो दाब होता तो आम्हाला ओळखीचा होता. आम्ही महाडचे, चवदार तळ्याच्या मागच्या वस्तीतले. मार्चात आमच्या दारावरून दिवसभर माणसं जातात आणि आई त्या दिवशी दारात रांजण भरून ठेवायची. वाडीला आम्ही कोण ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बायका ओट्यावर बसायच्या, उंबरा ओलांडायच्या नाहीत. पाणी विचारलं की "आताच पिऊन आलो" म्हणायच्या. बायको दुसऱ्यांदा विचारायची नाही. आम्ही दोघं त्यावर आपसातही बोललो नाही.

पण त्या संध्याकाळी ती भाकरी थापताना म्हणाली, "साक्षीदार बदलून काय होणार? साक्षीदारच नको असं झालं तर?"

दुसऱ्या दिवसापासून ती तुडीलकरणीला सही शिकवायला लागली.

पाटीवर खडू मोडायचा, म्हणून तिने सुपात चुलीतली राख पसरली आणि बोटाने लिहायला लावलं. बाराखडी वगैरे काही नाही. फक्त स्वतःचं नाव. मी शिक्षक म्हणून एकदा तोंड घातलं, "आधी अक्षरओळख तरी..." तर म्हणाली, "तुमची अक्षरओळख होईपर्यंत पोरगी म्हातारी होईल."

तिची स्वतःची लिहिण्याची एक पद्धत होती. आपण अक्षरं काढून वर रेघ मारतो. ती आधी पूर्ण शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. तेच तिने शिकवलं. "आधी दोरी बांधा. आता धुणं वाळत घाला. हं, हा सदरा, ही चोळी. आता खाली सारवून घ्या, आणि दोन टिंबं, दाराशी दोन चपला काढल्यासारखी." तुडीलकरीण खो खो हसली. "आमच्या दाराशी चपला कुठल्या गो बाई!"

बोट वळेना म्हणून बायकोने तिचा हात आपल्या हातात धरला. मी आत पुस्तक घेऊन बसलो होतो आणि पान उलटायचं विसरलो. तुडीलकरणीचा हात क्षणभर ताठरला असावा, कारण बायको थांबली. मग राखेत रेघ पुढे सरकली.

चौथ्या की पाचव्या दिवशी तुडीलकरीण राखेचा हात पदराला पुसत म्हणाली, "बाई, घोटभर पानी द्या."

बायकोने दिलं. त्या रात्री जेवताना तिने त्याचा उल्लेख केला नाही. मीही नाही.

ज्या दिवशी तुडीलकरणीने मनीऑर्डरीवर पहिली सही केली त्या दिवशी पोस्टमनने फॉर्म उजेडात धरून बघितला. "आता माझी शाईची डबी सुकणार," म्हणाला. चुलतदीर तंबाखू मळत तसाच माघारी गेला. मग एकेक करत आणखी दहा जणी ओट्यावर आल्या. सगळ्यांना तीच राख, तीच दोरी, तेच धुणं, त्याच दोन चपला.

दोनेक वर्षांनी पंचायत समितीतून एक ताई आल्या आणि बचत गटाची माहिती देऊन गेल्या. त्याच अकरा जणींनी गट केला. महिन्याला प्रत्येकीचे थोडे पैसे, पत्र्याच्या डब्यात. ते डब्यात फार दिवस राहायचे नाहीत. बियाणं, मुलाचा ताप, म्हशीचं दुखणं, यांत फिरून परत यायचे. पण बँकेत खातं उघडलं तर बँक त्याच्यावर कर्ज देते, असं ताई सांगून गेल्या होत्या. तुडीलकरणीच्या मुलीची सातवी त्या वर्षी संपत होती. महाडला मुलींचं वसतिगृह होतं. जूनमध्ये प्रवेशाचे, गादीचे, पुस्तकांचे पैसे एकदम भरायचे होते. गटाने ठरवलं, बँकेचं पहिलं कर्ज तिला.

मे महिन्यात ठरावाचा कागद झाला. अकरा जणींनी आमच्या ओट्यावर बसून सह्या केल्या. बायको त्या दिवशी इतकी खूश होती की कागदाला धूळ लागू नये म्हणून तिने तो माझ्या एका पुस्तकात घालून दिला. मी तो घेऊन पोलादपूरच्या बँकेत गेलो.

साहेबांनी कागद वाचला, परत वाचला, चष्मा काढला.

"गुरुजी, ह्या सह्या कुणी केल्या?"

"त्यांनीच. सभासदांनी."

"अकरा जणींनी?"

"होय."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "मग अकराही जणी नावाखाली रेघ मारून दोन टिंबं देतात, असं म्हणायचं का मी? हा 'र' बघा, आणि हा बघा. तुम्ही तर रोज अक्षरं तपासता. हे एका हातचं आहे."

मी बघितलं. आजवर मला ते दिसलंच नव्हतं. घरातलं अक्षर होतं ते. वाण्याच्या यादीवर, डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर मी रोज बघायचो. त्या बायकांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी नाव म्हणजे एक चित्र होतं, आणि चित्र त्यांनी हुबेहूब उचललं होतं.

"मागे एका गावाचा असाच गट आला होता," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सगळा कागदावर. चौकशी मला लागली. तुमच्यावर माझा संशय नाही गुरुजी, पण ह्या कागदावर मी खातं उघडणार नाही. सगळ्यांना घेऊन या. माझ्यासमोर सह्या करू देत."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझ्या बायकोने राखेत हात धरून शिकवलं आहे, कुणी माणूस पाठवून बघा, निदान पाच जणींना उद्या आणतो, वसतिगृहाची मुदत आहे, असं काहीही. मी "बरं" म्हणालो. कागद पुस्तकात घातला आणि बाहेर आलो.

वर पोचलो तेव्हा ती ओट्यावरच होती.

"काय म्हणाले?"

सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

तिने आपला पंजा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "चूक माझीच. प्रत्येकीला वेगळं वळण द्यायला हवं होतं."

अकरा बायकांनी एकाच दिवशी वाडी सोडून खाली जाणं सोपं नव्हतं. मे संपत आलेला, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले, पेरणी तोंडावर. मग पाऊस लागला तो थांबेना, लावणी आली, एकदा दरड पडून खालचा रस्ता बंद झाला. मग गणपतीला मुंबईकर घरी, मग भातकापणी. दिवाळीच्या आधी एकदाच्या सगळ्या निघाल्या. जून कधीच गेला होता. तुडीलकरणीची मुलगी आठवीत न जाता शेळ्यांमागे जात होती.

एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "काय रे बाबा, सगळी वाडीच? लगीन हाय कुणाचं?"

"लगीन नाय, सही करायला चाललो," एक म्हातारी म्हणाली.

"कुणाची?"

"आमचीच रे मेल्या! तुझी करू काय?"

बँकेत साहेबांनी, सभासद नाही म्हणून, बायकोला बाहेर थांबायची विनंती केली. ते रीतसरच होतं. ती पायरीवर बसली. मी दारात उभा होतो. एकेक जण टेबलाशी गेली, पेन हातात धरलं, आधी दोरी बांधली, मग धुणं घातलं. म्हातारीने जीभ दातांत धरून दोन टिंबं दिली आणि पेन झटकलं. अकरा झाल्या तेव्हा साहेबांनी मे महिन्यातला कागद माझ्याकडून मागून घेतला आणि शेजारी ठेवला. दोन्ही कागदांवरच्या टिंबांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "शिकवलं कुणी?"

सगळ्यांनी दाराबाहेर पायरीकडे हात केले. साहेबांनी चहा मागवला आणि बाईंना आत बोलवा म्हणाले. ती आली नाही. "मी इथं बरी आहे," म्हणाली.

खातं झालं, कर्जही झालं. मुलगी पुढच्या जूनला महाडला गेली. आठवी, मग दहावी, मग नर्सिंगचा कोर्स. आता पनवेलला एका दवाखान्यात आहे आणि आईच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकते. सांगायला हे सगळं चांगलंच आहे. पण माझ्या बायकोच्या मनात त्या एका वर्षाचं काही केल्या मिटलं नाही. त्या पावसाळ्यात ती मुलगी शाळेवरून शेळ्या घेऊन जायची, तेव्हा ही आत निघून जायची. पुढे आमची बदली खाली झाली, आम्ही महाडला राहायला आलो, तरी दहावीचा निकाल लागला तेव्हा म्हणाली, "मागच्या वर्षीच लागला असता." कोर्स संपला तेव्हा तेच. आजारपणातही एकदा, औषधाच्या गुंगीत, "माझ्यामुळे त्या पोरीचं वर्ष गेलं हो," असं म्हणाली. मी म्हणालो, "तसं नाही." ते माझ्या 'बरं' मुळे गेलं, हे म्हणता आलं असतं. तेही म्हटलं नाही.

बँकेतून अर्ज आणला त्याच आठवड्यात तुडीलकरीण भेटायला आली. एकटीच, पहिल्या एस.टी.ने. उशिरा कळलं म्हणाली. तिने नाचणीचं पीठ आणलं होतं. सरळ आत आली, माठातलं पाणी स्वतःच घेतलं, आणि खाटेजवळ, जिथे बायको शेवटी पडून असायची, तिथे जमिनीवर बसली. मग का कोण जाणे, मी तिला ते वर्षाचं सांगितलं. शेवटपर्यंत बाईंनी मनाला लावून घेतलं होतं, म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठलं वरीस? पोर घरात ऱ्हायली ते?"

"होय. सह्यांमुळे जे गेलं ते."

"गेलं कुठं? तेवढंच तर मिळालं मला." ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "त्या वर्सी रोज सांच्याला पोर माझी येणी घालायची. लावणीला माझ्या बाजूला उभी ऱ्हायची. पुस्तकातल्या गोष्टी सांगायची, अर्ध्या खोट्या. मंग महाडाला गेली ती गेलीच गुरुजी. आता येते दोन दिस, पावणीसारखी. पैशे येतात, येणी नाय घालत कोन."

मी पिठाची पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली.

"बाईनी मला इचारायचं होतं," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "इतकी वर्सं मनात धरून बसल्या? एकदा इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं. तुमी शिकलेली माणसं, सगळं मनातच बोलता. तिचं तिच्या मनात, तुमचं तुमच्या."

मी चहा टाकायला उठलो. परत आलो तेव्हा ती टेबलावरचा अर्ज निरखत होती. वाचता तिला अजूनही येत नाही. पण रिकामी रेघ तिला ओळखू येते.

"हितं कोनाची सही ऱ्हायली?"

"साक्षीदाराची. एक शेजाऱ्यांनी केली. दुसरी कुणाची तरी घ्यायची आहे."

"कशाची साक्ष?"

"ती गेली याची. आणि मी तिचा नवरा याची."

"मंग मी देते की," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त कुनाला म्हाईत हाय?"

मी पेन दिलं. तिने अर्ज स्वतःकडे ओढला, डावा तळवा त्यावर दाबून धरला आणि आधी लांब रेघ ओढली. मग एकेक अक्षर. मग खालची रेघ. दोन टिंबं. पेन मला परत दिलं आणि चहा बशीत ओतला.

दुपारच्या एस.टी.ने ती गेली. अर्ज अजून टेबलावर आहे. मी रोज बँकेत जायचं म्हणतो आणि जात नाही. एकदा दिला की तो त्यांच्या कपाटात जाईल. काउंटरवरचा मुलगा सावध आहे. तो साक्षीदाराच्या सहीशेजारी ते जुनं कार्ड ठेवेल आणि म्हणेल, काका, ही दोन्ही अक्षरं एकाच हातची दिसतात. या वेळी मी 'बरं' म्हणणार नाही. होय म्हणेन, एकाच हातची आहेत. वेळ असेल तर बसा, सांगतो.